सिस्टरचं स्वतःचं पुस्तक

"बसून का होते, बाई?"

खुर्ची पुढं सरकवली की सिस्टर असं, बसून काय मिळतं अशा सुरात, म्हणायच्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्याच राहायच्या. एक पाय आमच्या प्रेसच्या उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. चहासुद्धा उभ्यानंच. आत्ता कुणीतरी हाक मारील आणि आपल्याला धावावं लागेल, असा चेहरा. आरोग्य खात्यात नर्स म्हणून साऱ्या नोकरीभर त्या बोलावणं आलं की निघाल्या होत्या. कधी सायकलवर, कधी बैलबंडीत, कधी नाल्यातून पायी. अशा बाईला निवृत्तीच्या दिवशी शाल देऊन "आता आराम करा" म्हणून सांगितलं, तर तिचं काय होतं ते आम्ही पुढची काही वर्षं जवळून पाहिलं.

मी तेव्हा गोंदियातल्या एका लहान प्रेसमध्ये संगणकावर मजकूर टाइप करण्याचं काम करत असे. दोन हजार चार-पाचचा काळ. लग्नपत्रिका, राइसमिलच्या पावत्या, निवडणुकीची पत्रकं हे आमचं रोजचं काम. पुस्तक वर्षातून एखादं यायचं आणि ते बहुधा निवृत्त माणसाचं असायचं. स्वतःच्या खर्चानं पुस्तक काढणाऱ्या या लोकांना आम्ही आपसात 'हारवाले' म्हणायचो. तुम्हीही असे समारंभ पाहिले असतील. स्टेजवरचे सगळे एकमेकांना हार घालतात, फोटो निघतो, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकांचे गठ्ठे पलंगाखाली जातात. आमचे शेठ मनानं चांगले, पण तोंडाला लगाम नव्हता. असं पुस्तक आलं की गठ्ठे बांधणाऱ्याला सांगायचे, "मजबूत बाँधना, दस साल खुलना नहीं है।"

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा मला वाटलं, आणखी एक हार.

त्यांच्या काखेत पोस्टरांची जाड गुंडाळी होती. मी म्हटलं, "पोस्टर आम्ही छापत नाही, मोठी मशीन नाही."

"पोस्टर छापाचं कोन म्हनते? उलटं करून पाह्य."

उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईनं, काठापासून काठापर्यंत, गिचमिड लिहिलेलं. पोलिओची, जंताच्या गोळ्यांची, कुटुंबनियोजनाची जुनी पोस्टरं उपकेंद्रात उरली होती. "मागून कोरी असतेत. फेकाची कायले?" पुढं टाइप करताना मोठी पंचाईत व्हायची. कागद आपोआप गुंडाळला जायचा, आणि ऐन रंगात आलेल्या गोष्टीवर पोस्टरमधलं गुटगुटीत बाळ येऊन बसायचं.

पुस्तकाचं नाव होतं 'तुम्ही जन्मले तेव्हा'. सिस्टरनी आपल्या हातानं ज्यांना जगात आणलं, त्यांच्यापैकी जेवढे आठवले तेवढ्यांच्या जन्माची गोष्ट त्यांनी लिहिली होती. गोष्ट त्या त्या मुलालाच सांगितलेली. तू आलास तेव्हा पाऊस कसा होता, कंदील कुणी धरला होता, तुझा बाप कुठं लपून बसला होता. एकाला लिहिलं होतं, "तू पाय आधी बाहेर काढले. अजूनही तुझी चाल उलटीच आहे असं ऐकतो." दुसरीला लिहिलं होतं, "तुझी आई ओरडली नाही. शेजारीण ओरडली. गावाला वाटलं, बाळंतीण तीच."

नागपूरच्या एका प्रकाशकाकडं त्यांनी हे पाठवलं होतं. त्याचं उत्तरच आलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं, छापतो, पण खर्च तुमचा.

"खर्च माह्या, आन् नाव त्याचं? मंग माह्यंच नाव टाकतो ना मी!"

शेठनी त्यांना प्रामाणिकपणे समजावलं. "सिस्टर, छापना आसान है। बेचेगा कौन? ये कोई नॉवेल थोड़ी है।"

"घेनारे आधीच जन्मले हायेत शेठजी. मी काढले त्याहिले." 

शेठ माझ्याकडं पाहून हळूच म्हणाले, "टाइप कर।"

टाइप करताना आमचं पहिलं भांडण झालं. आमच्या झाडीपट्टीत, खेड्यांतल्या बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. शाळेत शिकलेली मी, मी ते सगळं मन लावून 'आले, गेले' करून टाकलं. 'काऊन'चं 'का' केलं, 'का'चं 'काय' केलं, 'मले'चं 'मला' केलं. मला वाटलं होतं, सिस्टर खूश होतील. पुस्तक म्हणजे शुद्धच असायला हवं ना!

पहिलं प्रूफ वाचता वाचता त्या प्रेसभर येरझारा घालू लागल्या. कटिंग मशीनपर्यंत जायच्या, परत यायच्या.

"हे कोन बोलून राहिलं?"

"त्या गावची आजी. तुमच्याच मजकुरात आहे."

"ते अशी बोललीच नाही. हे त पुन्याची आजी हाय. पुन्याची आजी सुपात लेकरू कायले घेईन?"

मी सगळं पुन्हा उलटं केलं. दोन आठवड्यांचं काम वाया गेलं, पण त्या आज्या पुन्हा आपापल्या गावी परत गेल्या असं वाटलं.

एकदा मी सहज विचारलं, "सिस्टर, यातली नावं, गावं सगळी खरी आहेत?"

"मंग! खोटी जन्मली काय?"

"नाही, पण त्यांना विचारलं का, छापू का म्हणून?"

"खरं लिहाले कोनाले इचाराचं असते?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "आन् काही चुकलं असन त तू आहेस ना. तुमी छापता मंग वाचत नाही काय?"

आता हाही एक गैरसमजच. प्रेसवाले मजकूर वाचतात असं लोकांना वाटतं. आम्ही अक्षरं पाहतो, ओळ कुठं तुटली ते पाहतो. मोठ्या प्रकाशकाकडं एखादा माणूस असतो, तो लेखकाला चार प्रश्न विचारतो, नको ते काढायला लावतो. सिस्टरच्या आणि छापखान्याच्या मध्ये तसं कुणी नव्हतं. त्यांना तेच आवडलं होतं. माझं पुस्तक, माझा शब्द, मधात कोणी नाही.

पुस्तक निघालं. समारंभ झाला नाही. "हार कायले? मेलो काय मी?" असं म्हणून सिस्टरनी पहिला गठ्ठा स्वतःच रिक्षात चढवला. ज्या दिवशी पुस्तक छापून होईल त्या दिवसापासून दुकानदार मागायला येतील, अशी मात्र त्यांची खात्री होती. गोंदियाच्या दुकानांत दहावी-बारावीची गाइडं विकली जात. एका दुकानदारानं दया येऊन दोन प्रती ठेवल्या, त्या राशिभविष्याच्या पुस्तकांत. नाव वाचून त्याला वाटलं, कुंडलीचं असेल.

मग एका वाचनालयात एक सद्गृहस्थ भेटले. साहित्यसंमेलनांना जाऊन आलेले. त्यांनी पुस्तक उलटंपालटं केलं आणि सांगितलं, "यावर तो दहा आकडी नंबर नाही. त्याशिवाय याला पुस्तक म्हणता येत नाही. सरकारमान्य नाही हे."

सिस्टर तिथून तडक प्रेसमध्ये आल्या. शेठनी समजावलं की तो नंबर काही मान्यतेचा शिक्का नसतो, मागितला की मिळतो. पुस्तक ओळखायच्या सोयीसाठी असतो, एवढंच. पण सिस्टरना राग वेगळ्याच गोष्टीचा होता.

"गावात अर्ध्या लेकराइचे दाखले नोहते तवा. म्हनून ते जन्मले नाहीत काय?"

दुकानांचा नाद त्यांनी सोडला. दिवाळी झाली, आणि आमच्याकडं गावोगावी मंडई सुरू झाली. धान कापणीला आलेलं असतं, पाहुणे येतात, दिवसा जत्रेसारखी दुकानं लागतात आणि दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात. सिस्टर सौंदडला राहत. तिथून निघून त्या प्रत्येक मंडईत जाऊ लागल्या. मी कामठ्याच्या मंडईत माहेरच्या माणसांसोबत गेले होते, तेव्हा हे डोळ्यांनी पाहिलं. बांगड्यांचं दुकान आणि जिलेबीची कढई यांच्या मधोमध सिस्टर उभ्या. पायाजवळ प्लास्टिकवर पुस्तकं. येणाऱ्याजाणाऱ्याला पकडून विचारत, "कोन्या गावचा? माय कोन? कोन्या सालचा?" उत्तर मिळालं की बोट ओलं करून पान उघडायच्या आणि माणसाच्या नाकासमोर धरायच्या. "हे पाह्य. हा तू."

माणूस वाचायचा. थोडा हसायचा. मग पुन्हा वाचायचा. मग बायकोला हाक मारायचा, "अवं, इकडं ये, माह्यं नाव हाय!" ज्याला वाचता येत नसे त्याला सिस्टर मोठ्यानं वाचून दाखवायच्या, आणि आजूबाजूचे हसून लोटपोट व्हायचे. एक जण तर हटूनच बसला की त्याचीही गोष्ट पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, "तुह्या वेळेस मी नोकरीतच नोहतो रे. तुह्या आजीले इचार." तरी त्यानं पुस्तक घेतलं. भावाची गोष्ट होती म्हणे.

उन्हाळ्यापर्यंत गठ्ठे संपत आले. शेठ आता गठ्ठे बांधणाऱ्याला तो जोक सांगत नसत.

आणि मग एका सकाळी एक शेतकरी प्रेसमध्ये आला. केशोरीच्या पलीकडच्या एका गावचा. पहाटेच निघून, आधी जीपनं आणि मग गाडीनं आला होता. चेहऱ्यावर राग नव्हता, म्हणून तर भीती वाटली. पिशवीतून त्यानं सिस्टरचं पुस्तक काढलं आणि पहिल्या पानावरच्या आमच्या प्रेसच्या नावावर बोट ठेवलं.

"हे तुमीच छापलं ना? बंद करा हे."

शेठ म्हणाले, "भाई, हम तो सिर्फ छापते हैं।"

"मंग नाव कायले टाकलं?"

शेठनी त्याला पाणी दिलं. तो उभ्या उभ्याच सांगू लागला. त्याची धाकटी पोरगी, कॉलेजात जाणारी, तिनं मंडईत हे पुस्तक घेतलं. तिचीच गोष्ट होती त्यात. तेव्हापासून ती आजीशी बोलत नव्हती. जन्मापासून आजीच्या कुशीत झोपलेली पोरगी, आता आजीनं वाढलेलं ताट सरकवून देत होती. आणि आता आठवड्यापासून आजीनं जेवण सोडलं होतं. "माय माही मरून जाईन," तो म्हणाला. "कागदानं मरून जाईन."

तो बाहेर गेल्यावर मी ते पान काढून वाचलं. मीच टाइप केलेलं होतं ते.

"तू आलीस तेव्हा तुझ्या आजीनं दाराआडूनच विचारलं, का झालं? मी म्हणालो, पोरगी. ती म्हणाली, चौथी. आणि वावरात निघून गेली. मी तिथं होतो तोवर ती तुले पाहाले आत आली नाही. मी तुले सुपात ठेवलं आणि सांगितलं, ते पाहत नाही त नोको पाहू. तू पाह्य."

सौंदडच्या एसटीडी बूथवर फोन करून सिस्टरना निरोप दिला. शेठ मला म्हणाले, "टाइप तूने किया है, तू भी जा। प्रेस की तरफ से कोई तो दिखे।"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीत मी बसले. सौंदडला सिस्टर चढल्या. डब्यात जागा होती तरी दारात दांडा धरून उभ्या राहिल्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. गाडी सुटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, "खोटं एक अक्षर नाही त्याच्यात."

"नसेल, सिस्टर."

"मंग काऊन असं झालं?"

नवेगावकडची जंगलं मागं जात होती. सिस्टर ओठ हलवत होत्या, जणू कुणाशी तरी आधीच भांडून घेत होत्या. अर्जुनीला उतरून आम्ही जीप पकडली. केशोरीच्या पुढं जीप थांबली तिथून पायी. सिस्टर पुढं, मी मागं धापा टाकत. इतक्या वर्षांनी त्यांना त्या गावची पायवाट पाठ होती.

घराच्या पुढच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बाजेवर म्हातारी पडली होती. कातडं आणि हाडं. मुलानं सांगितलं, "माय, सिस्टर आल्या." म्हातारीनं डोळे उघडले आणि खूप वेळ सिस्टरकडं पाहत राहिली.

"केस पिकले तुहे," ती म्हणाली.

"पिकले ना वो माय."

"तू लिहिलं ते खरं हाय. मी नाही पाह्यलं तिले." म्हातारीचा आवाज बारीक होता, पण तुटत नव्हता. "चौथी पोरगी होती. माह्यं डोस्कं फिरलं होतं. पन तू त दुसऱ्याच दिवशी निघून गेलीस. दुसऱ्या गावचं बोलावनं आलं म्हनून. मंग पुढं का झालं ते तुले का मालूम?"

सपरीच्या खांबाला धरून सिस्टर उभ्याच होत्या.

"सुनेले ताप भरला. दूध आटलं. पोरगी रडून रडून थकली, मंग रडायचीच थांबली. गावातले म्हनत, पोरगीच हाय, जाते त जाऊ दे. तवा गेलो मी आत. तवा पाह्यलं तिले." मुलानं पाणी पुढं केलं, तिनं ते हातानं बाजूला सारलं. "लुगड्यात बांधलं आन् निघालो. ज्या घरी लेकुरवाळी बाई, त्या घरी. सकाळी एकीच्या पुढं, दुपारी दुसरीच्या पुढं पदर पसरला. ज्याहिच्या हातचं पानी आमी पेत नोहतो, त्याहिच्या पाया पडलो. नाल्यापलीकडं गोंडाइच्या टोल्यावर, त्या चार घराइत, एक बाई होती. तिचं लेकरू नुकतंच गेलं होतं. तिनं घेतलं पोरीले. पोरगी बसाले लागेपर्यंत मी नाला उतरलो आन् चढलो. पुरात बी."

सिस्टर खाली बसल्या. जमिनीवर, बाजेच्या पायाला टेकून.

"मले कोनी सांगतलं नाही वो," त्या म्हणाल्या.

"तू इचारलं नाही."

आतल्या दाराशी काहीतरी हललं. पोरगी तिथं उभी होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. सडपातळ, सावळी, आजीसारखंच कपाळ. तिनं आमच्याकडं पाहिलंच नाही.

"आजी, मले काऊन नाही सांगतलं तू?"

"का सांगू? आधीचं सांगितल्याशिवाय मंगचं कसं सांगता येते?"

पोरगी तिथंच उभी राहिली. कोंबड्या सपरीत आल्या, कुणी हाकलल्या नाहीत. मग ती म्हणाली, "ते बाई हाय काय आता?"

"हाय. टोल्यावरच हाय. डोळे गेले तिचे."

"मले घेऊन चाल तिच्याइथं."

म्हातारी कोपरावर उठायला लागली. मुलगा धावला, "माय, तू कशी चालशील?" पण पोरगी आत निघून गेली होती. बाहेर आली ती हातात ताटली घेऊन. भात आणि वर थोडं वरण. बाजेवर आजीच्या शेजारी बसली आणि पहिला घास कालवून तिच्या तोंडापुढं धरला.

"आधी हे खाय. मंग जाऊ."

म्हातारी खात होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळून भातात पडत होतं. बाप तोंड फिरवून कोंबड्या हाकलायला लागला. सिस्टरनी पुस्तक उचललं. बाजेखाली पडलं होतं ते. पान काढलं आणि माझ्याकडं हात केला. मी पेन दिलं. त्या लिहायला लागणार, तेवढ्यात पोरीनं खरकट्या हातानंच पुस्तकावर पंजा ठेवला.

"तुमी नोका लिहू," ती म्हणाली. "मी लिहीन."

अर्जुनीच्या फलाटावर गाडीला उशीर होता. सिस्टर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. मी बाकावर बसून पाहत होते. दर खेपेला माझ्यापुढून जाताना त्या एक वाक्य बोलायच्या आणि पुढं जायच्या.

"सगळ्याच घरून दुसऱ्या दिवशी निघालो मी."

पुन्हा एक चक्कर.

"कुठं दुसऱ्या दिवशी. कुठं त्याच दिवशी."

आणखी एक चक्कर. मग माझ्यापुढं थांबल्या.

"म्हंजे सगळंच अर्धं हाय, बाई. सगळं पुस्तक."

त्यानंतर जे झालं ते शेठना शेवटपर्यंत कळलं नाही. गठ्ठे संपलेले, लोक मागत होते, आणि सिस्टर नवी आवृत्ती काढायला तयार नव्हत्या. त्या पुन्हा गावोगावी फिरू लागल्या. आधी विकायला, आता विचारायला. ज्या ज्या घरी बाळंतपण केलं त्या घरी जायचं, पान वाचून दाखवायचं, आणि म्हणायचं, "मी गेल्यावर का झालं, सांगा." कुणी सांगत. कुणी म्हणत, आता कशाला उकरता? एका घरच्यांनी म्हटलं, आमचं काढूनच टाका. सिस्टरनी काढलं. एका बाईनं म्हटलं, माझं लेकरू तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी गेलं, पण तुमच्या पुस्तकात ते अजून रडते आहे, ते राहू द्या. ते राहिलं.

दर महिन्याला त्या प्रेसमध्ये यायच्या, एखादं वाक्य बदलायला सांगायच्या आणि निघून जायच्या. मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, एकदाचं संपवा ना."

"माह्यं काम संपाचंच होतं त लिहाचंच नोहतं."

दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघाली. प्रत्येक गोष्टीनंतर सिस्टरनी एक पान कोरं ठेवायला लावलं होतं. ज्याचं त्यानं लिहावं म्हणून. शेठ वैतागले. "सिस्टर, कोरे पन्ने तो मेरे गोदाम में भी पड़े हैं। उसके लिए आपको क्यों आना पड़ता है?"

"ते तुमचे कोरे हायेत शेठजी. हे त्याहिचे हायेत."

शेठनी माझ्याकडं पाहून मान हलवली, पण पानं कोरीच ठेवली. आणि या खेपेला, कुणी सांगितलं नसताना, त्यांनी मला बजावलं, "पूरा पढ़ के देना। एक एक लाइन।" मी पूर्ण वाचलं. स्वतः टाइप केलेलं पुस्तक मी आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं.

पुढं प्रेसमध्ये फ्लेक्सचं मशीन आलं. वाढदिवसांचे फलक छापता छापता आम्हाला दिवस पुरेना. सिस्टर येत, दारात उभ्या राहत, मशीनमधून निघणारे पुढाऱ्यांचे मोठमोठे चेहरे पाहत. एकदा म्हणाल्या, "याहिच्या पैकी दोघं माह्या हातचे हायेत. रडतच नोहते. उलटं टांगून रडवाले लागले." मग त्यांना साखरेचा त्रास सुरू झाला, पाय सुजू लागले. येणं कमी झालं, आणि मग बंद झालं. मी दोनदा सौंदडला जायचं ठरवलं. दोन्ही वेळा काम निघालं.

एका जुलैत त्यांच्या मुलाचा फोन आला.

सिस्टरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी सौंदडला गेले. घरासमोर मंडप होता. भंतेजींनी वंदना घेतली. मग लोक एकेक करून बोलले. कुणी त्यांच्या नोकरीबद्दल बोललं, कुणी त्यांना 'लेखिका' म्हणालं, आणि मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडं पाहून हसल्या. त्या केशोरीकडच्या गावची पोरगी आली होती. आता तिच्या कडेवर मूल होतं. ती बोलली नाही, बाहेर चपलांजवळ उभी राहिली.

आतल्या खोलीत, भिंतीशी, एक फार म्हातारी बाई बसली होती. सिस्टरची थोरली बहीण. तिला कमी ऐकू येत होतं, म्हणून कुणी तिच्याशी बोलत नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. एकदम मनात आलं, सिस्टरची गोष्ट कुणीच लिहिलेली नाही.

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, "मावशी, सिस्टर जन्मल्या तेव्हा तुम्ही होत्या काय?"

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. हे आजवर तिला कुणी विचारलं नसावं.

"होतो ना. मी लहानी होतो," ती म्हणाली. "हेच दिवस होते. रोवनीचे. माय लोकाच्या बांधीत धानाचे परे लावत होती. दुपारी तिनं कमरेवर हात ठेवला आन् मले म्हने, जा, सुईनीले घेऊन ये, धाव. मी चिखलातून धावलो. सुईन म्हने, भाकर थापून येतो. मी तिचा हात सोडला नाही. ओढत आनली तिले."

"मग?"

"मंग का? येऊन पाहतो, त माय बांधीच्या धुऱ्यावर बसून हासून राहिली होती. आन् हे तिच्या पदरात, हात-पाय झाडत. सुईनीनं कपाळाले हात लावला. म्हने, मंग मले बलावलं कायले?"

बाहेर कुणीतरी जेवणाची पंगत बसवत होतं. म्हातारी हसत होती, तोंडात दात नसलेलं हसू.

"कोनाची वाटच नाही पाह्यली तिनं."